हसलेले अनारसे
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



आपल्या चिटणीसबाई म्हणाल्या, "इतकी वर्षे दिवाळी अंकांतून घरच्या आठवणी लिहिल्यात, तेच सांगा." मी व्याख्याती नव्हे. पण माझ्याकडून एक चूक झाली आहे, ती तुमच्यापुढे सांगावी म्हणून उभी राहिले.

काशिनाथ रघुनाथ मित्र यांनी १९०९ साली 'मनोरंजन'चा दिवाळी अंक काढला. तेव्हापासून मराठी घरात फराळाच्या ताटाशेजारी अंक आला. वाचणारीची दिवाळी आश्विन-कार्तिकात. लिहिणारीची मात्र भर पावसात! आषाढात संपादकांचे पत्र येई आणि गणपतीच्या सुमारास मजकूर द्यावा लागे. घरभर ओली धुणी टांगलेली, आणि कागदावर उटणे नि पणत्या. समोर दिवाळी नसते, म्हणून लेखणी आठवणींच्या डब्यात हात घालते. हाताला येईल ते काढते. ते कोणाचे आहे हे पाहत नाही.

१९७४ साली मी असाच एक विनोदी लेख लिहिला. आमच्या साताऱ्याच्या वाड्यात अनारसे थोरल्या काकूंनीच करायचे. तीन दिवस तांदूळ भिजवायचे, रोज पाणी बदलायचे, सावलीत फडक्यावर पसरायचे, दमट असतानाच कुटून गूळ मिसळून पीठ मुरवायचे. काकूंचा अनारसा कधी बिघडला नाही. फक्त १९५६ साली, मी नऊ वर्षांची असताना, कढईत एकामागून एक सगळे हसले. तुपात विरघळून जाळीचा नुसता चुरा! आजी रागावली, आम्ही पोरे टाळ्या पिटू लागलो. काकू मात्र म्हणाल्या, "हसू द्या हो त्यांना. घरात कुणीतरी हसायला हवं."

या वाक्यावरच मी लेख संपवला. लोकांना फार आवडला. काकूंनी स्वतः शेजारणींना वाचून दाखवला. मला धन्य वाटले.

पुढे दोन वर्षांनी मी दिवाळीच्या आधी त्यांच्याकडे गेले होते. त्या तांदूळ धूत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "तू लिहिलंस ते सारं खरं गं. फक्त ते का हसले, ते तुला ठाऊक नव्हतं." त्या दिवशी सकाळीच मुंबईहून दादाचे कार्ड आले होते. नोकरी सुटली, तोंड दाखवायला लाज वाटते, दिवाळीला येत नाही. ते कार्ड देवाच्या तसबिरीमागे ठेवून काकू कढईपुढे बसल्या होत्या. सणाचा दिवस मोडू नये म्हणून कोणाला बोलल्या नाहीत. पिठाकडे लक्ष नव्हते, आचेकडे नव्हते. ज्या वाक्यावर मी वाचकांना हसवले, ते एका आईचे रडणे होते.

मी म्हटले, "काकू, पुढच्या अंकात मी खरं लिहिते." त्या म्हणाल्या, "नको. त्याला वाटेल, आईनं गाऱ्हाणं केलं. आम्ही असेपर्यंत तरी नको." आता काकू नाहीत, दादाही नाहीत. म्हणून आज प्रथमच बोलते आहे.

लक्ष्मीबाई टिळकांच्या 'स्मृतिचित्रां'चा पहिला भाग १९३४ साली आला. त्यात लक्ष्मीबाई घरच्यांना हसतात, पण आपल्या स्वतःच्या फजित्याही झाकत नाहीत. मी मात्र ओट्यापासून लांब उभी राहून दुसरीच्या फजितीवर लिहिले होते.

आपल्या या स्मरणिकेतही घरोघरच्या आठवणी येणार. जरूर लिहा, बायकांनी लिहिले नाही तर या गोष्टी उरणार नाहीत. पण लिहिण्यापूर्वी, जिची आठवण आहे ती हयात असेल तर तिच्याजवळ जाऊन घटकाभर बसा. चार शेंगा सोला, दोन जुड्या निवडा आणि विचारा, "त्या दिवशी काय झालं होतं हो?" ती सांगेल ते सारे छापायचे नसते. पण ते ऐकल्यावर आपले वाक्य बदलते.

माझ्या हातून अनारसा अजूनही कधी कधी हसतो. घरातली मुले टाळ्या पिटतात. मी त्यांना रागावत नाही. फक्त गॅस बारीक करते आणि काकूंची आठवण काढते.