आरोग्य संशोधन आणि कारखान्याचे डॉक्टर
(भाषणाचा मजकूर)



पांढुर्णा व सौंसर हा कापूस, संत्री आणि मँगनीज यांचा मुलूख आहे. 2023 मध्ये छिंदवाडा जिल्ह्यातून या दोन तहसिली वेगळ्या होऊन पांढुर्णा जिल्हा अस्तित्वात आला. बोरगावच्या औद्योगिक क्षेत्रामुळे आसपासच्या खेड्यांतील अनेक घरांतून कोणी ना कोणी कारखान्यात कामाला जाते. या कामगारांच्या प्रकृतीचा शास्त्रीय अभ्यास करावयाचा झाल्यास संशोधकांना प्रथम कारखान्याच्या डॉक्टरांची आठवण होते. कोणता कामगार कोणत्या खात्यात किती वर्षे आहे, त्याला खोकला केव्हा सुरू झाला, याची नोंद त्यांच्यापाशी असते.

असा अभ्यास किती मोलाचा असतो, हे आपल्याच राज्यातील मंदसौरने दाखविले. तेथे मुलांच्या पाटीवरची पेन्सिल तयार करताना दगडाची बारीक धूळ उडे. अहमदाबादच्या राष्ट्रीय व्यवसायजन्य आरोग्य संस्थेने 593 कामगारांची तपासणी केली. 1985 मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार त्यांपैकी निम्म्याहून अधिक कामगारांना सिलिकोसिस हा फुप्फुसांचा असाध्य विकार जडला होता.

तथापि डॉक्टरांच्या सहभागात एक अडचण आहे. त्यांचे वेतन मालक देतो आणि कामगार कामास योग्य आहे की नाही, हा दाखलाही तेच देतात. त्यांनी ‘अभ्यासात नाव घाल’ म्हटले, तर नोकरीच्या भीतीने कामगार मान डोलावील. त्या होकारास संमती म्हणता येणार नाही. म्हणूनच भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या 2017 च्या मार्गदर्शक तत्त्वांनी वरिष्ठांच्या दबावाखाली येऊ शकणाऱ्या नोकरवर्गास विशेष संरक्षण देण्यास सांगितले आहे.

यातून मार्ग सरळ आहे. डॉक्टरांनी माहिती द्यावी. संमती मात्र कारखान्याशी संबंध नसलेल्या व्यक्तीने, कामगाराच्या भाषेत समजावून घ्यावी. ज्यास लिहिता-वाचता येत नाही, त्याचा अंगठा निःपक्ष साक्षीदारासमोर घ्यावा. हे काम गावातील शिक्षक उत्तम करू शकतील. कोणी नकार दिला, तर त्याचे नाव व्यवस्थापनाकडे जाऊ नये. सहभागी झालेल्यास मध्येच माघार घेण्याची मुभा असावी आणि तपासणीचा निष्कर्ष त्यास अवश्य कळवावा.

आणखी एक गोष्ट ध्यानी घ्यावयास हवी. कारखान्याच्या यादीत आज कामावर असणारेच आढळतात. धाप लागून काम सोडलेला माणूस खाटेवर गावीच असतो. त्याचे नाव यादीत नसते. केवळ त्या यादीवर विसंबल्यास रोग आहे त्याहून कमी दिसेल. अशा माणसाचा पत्ता ग्रामस्थांनाच ठाऊक असतो. तो त्यांनी त्याला विचारून संशोधकांना सांगावा. डॉक्टरांची नोंदवही आणि गावाची आठवण एकत्र आल्यासच श्रमिकाच्या प्रकृतीचे खरे चित्र शासनासमोर येईल.