टोगोचा पाहुणा, ग्रीनलंडचे घर



उत्तर ध्रुवाकडील मुलखाविषयी जे प्रवासग्रंथ आपल्या वाचनात येतात ते बहुधा अशा पुरुषांनी लिहिलेले असतात, की ज्यांच्या पाठीशी एखादे सरकार, एखादी विद्वत्सभा किंवा निदान शिधासामग्रीने भरलेले गलबत उभे होते. म्हणूनच, ज्याच्या पाठीशी यांपैकी काहीच नव्हते अशा एका आफ्रिकी तरुणाची हकिकत मी आज मुद्दाम निवडली आहे.

तेते-मिशेल क्पोमासी यांचा जन्म १९४१ साली टोगो देशात झाला. किशोरवयात नारळाच्या झाडावर सापाशी गाठ पडून ते खाली कोसळले. उपचारासाठी त्यांना अजगराची उपासना करणाऱ्या पंथाच्या पुजारिणीकडे नेण्यात आले, आणि पुढे या मुलाला त्याच पंथाच्या सेवेस द्यावे असे वडिलांनी कबूल केले. त्याच सुमारास लोमे शहरातील एका दुकानात रोबेर जेसँ यांचे एस्किमोंवरील पुस्तक क्पोमासींच्या हाती पडले. जिथे झाड नाही आणि साप नाही असा देश पृथ्वीवर आहे, हे वाचताच तो मुलगा घर सोडून निघाला, आणि मिळेल ते काम करीत, परक्या भाषा शिकत, पश्चिम आफ्रिका, फ्रान्स, जर्मनी व डेन्मार्क असे मुक्काम करीत सात-आठ वर्षांनी, १९६५ च्या उन्हाळ्यात, ग्रीनलंडमधील तेव्हा युलियानेहॉब म्हणविल्या जाणाऱ्या बंदरात उतरला.

तेथे त्यांची निराशा झाली. ग्रीनलंडचा वसाहतीचा दर्जा १९५३ सालीच संपला होता, तथापि कारभारावर डेन्मार्कची छाप कायम होती. दक्षिणेत शिकारीची जागा मासेमारीने घेतली होती, आणि दारूने घरे पोखरली होती. क्पोमासींनी हे झाकले नाही, आणि त्यावरून त्या लोकांना हीनही लेखले नाही. जो स्वतः परकीय अंमलाखाली वाढला, त्याला एखाद्या समाजाचा कणा कसा मोडतो हे कोणी समजावून सांगावे लागत नाही.

मग ते किनाऱ्याने उत्तरेकडे सरकत गेले. वाटेत घराघरांतून त्यांना आसरा मिळाला. कुत्र्यांची गाडी हाकणे, बर्फाला भोक पाडून मासे धरणे, किळस गिळून कच्ची चरबी खाणे, हे सर्व त्यांनी शिष्याच्या नम्रतेने शिकून घेतले. तेथील गाडीला कुत्री एकामागोमाग एक जुंपीत नाहीत. प्रत्येकाचा दोर निराळा ठेवून ती पंख्यासारखी पसरवितात, म्हणजे गोठलेल्या समुद्रावर भार विभागला जातो. या एका दोरात किती पिढ्यांचे निरीक्षण गुंफलेले आहे, याचा आपण विचार करावा! बहात्तर अंशांहूनही उत्तरेस असलेल्या उपेर्नाविक येथे, जेथे नोव्हेंबराच्या मध्यापासून जानेवारीच्या अखेरीपर्यंत सूर्य उगवत नाही, ते एका वृद्धाच्या गवताळ मातीच्या घरात राहिले. त्या वृद्धाने नियतकालिकांची पाने भिंतींना थरावर थर चिकटविली होती. तेच त्याचे ग्रंथालय.

आता मुख्य मुद्दा. क्पोमासी त्या लोकांत मिसळले ते आपले टोगोपण टाकून नव्हे. मृताचे नाव नवजात बालकास देऊन त्याला घरात परत आणणारे ग्रीनलंडवासी त्यांना विचित्र वाटण्याचे कारण नव्हते, कारण पूर्वज बालकाच्या रूपाने परततात ही श्रद्धा त्यांच्या मायभूमीतही नांदत होती. युरोपीय पंडित जिथे अंधश्रद्धेची नोंद करी, तिथे या पाहुण्याला ओळखीचा उंबरा दिसे. परक्या संस्कृतीत शिरण्याचा दरवाजा आपल्याच घरातून उघडतो, असे मला त्यांच्या उदाहरणावरून निश्चित वाटते.

पुढे ते आफ्रिकेत परतले आणि जे पाहिले ते आपल्या लोकांना सांगितले. त्यांचे फ्रेंच पुस्तक १९८१ साली प्रसिद्ध झाले. श्रोत्यांपैकी जे ते वाचतील त्यांना माझी एकच विनंती आहे: शिकारीच्या आणि हिमाच्या वर्णनांची ओढ लागली, तरी दक्षिणेकडील दुःखाची प्रकरणे गाळू नयेत.