इंग्रजीचा रोजचा पाठ
(गांवच्या सभेंत केलेलें भाषण)



आमच्या घरच्या जमिनीचा दावा मुंबई उच्च न्यायालयापर्यंत गेला. घटनेच्या ३४८ व्या कलमाप्रमाणें तेथील कामकाज इंग्रजींत चालतें. निकालाचे कागद आमच्या हातांत आले, पण आपल्याच बांधाचें काय झालें हें विचारण्यासाठीं तीन दिवस आम्ही दुसऱ्याच्या ओसरीवर खेटे घालीत होतों. त्या दिवशीं ठरविलें कीं, इंग्रजी शिकावयाची.

ठरविणें सोपें. पुस्तक आणलें, चार दिवस घोकलें, पांचव्या दिवशीं पेरणी आली आणि पुस्तक फळीवर गेलें. असें तीनदां झालें. आपलें डोकेंच जड, असें आम्हांस वाटूं लागलें. पण दोष डोक्याचा नव्हता, रीतीचा होता.

जर्मनीतील एबिंगहाउस नांवाच्या विद्वानानें निरर्थक अक्षरें स्वतः पाठ करून तीं किती टिकतात हें मोजलें, व १८८५ सालीं तें छापलें. त्याला दिसलें कीं, पाठ केलेलें पहिल्या कांहीं तासांतच झपाट्यानें विसरतें; आणि एका दिवशीं दामटून घोकण्यापेक्षां निरनिराळ्या दिवशीं वांटून केलेली उजळणी अधिक टिकते. शेतकऱ्यास हें काय नवें? महिन्याचें पाणी एकाच दिवशीं सोडलें तर पीक कुजतें. पाळीपाळीनें दिलें तर मुळाशीं जिरतें.

मग आम्हीं नेम धरला. संध्याकाळीं चूल पेटली कीं भाकरी होईपर्यंत पाठ. नवे शब्द पांचच; तेही आपल्या कामाचे: माती, बीं, विळा, मजुरी, कर्ज. आधीं कालचे म्हणावयाचे, मग आजचे, आणि आठवड्यानें पुन्हां सारे. मोठ्यानें वाचावयाचें. उच्चार मोबाईलवर ऐकावा, नाहींतर शाळेंत जाणाऱ्या मुलीला विचारावा; त्यांत लाज कसली? सुगींत पांचाचे दोन शब्द करावे, पण पाठ मोडूं नये. एक दिवस चुकला तर चुकला, दुसरा चुकूं देऊं नये.

वय झालें, शाळा सुटली, असें कोणी म्हणूं नये. जोतीराव फुले यांचीही शाळा लहानपणीं सुटली होती. १८४१ सालीं ते पुण्याच्या स्कॉटिश मिशनच्या शाळेंत पुन्हां जाऊन बसले व इंग्रजी शिकले. आणि १८४८ सालीं त्यांनीं मुलींची शाळा काढली.

आमचें इंग्रजी अजून मोडकेंतोडकें आहे. पण परवां तेच निकालाचे कागद पुन्हां काढले, आणि बोट ठेवून आमच्या बांधाची ओळ आम्हींच वाचली. आज घरीं चूल पेटेल तेव्हां आपणही पांच शब्द घेऊन बसा, एवढीच विनंति करून आम्ही आपली रजा घेतों.