परदेशी जाताना कोणता संगीतोत्सव निवडावा?

प्रवराकाठची आपली मंडळी आता मुलाबाळांकडे परदेशी जातात. तिकडे गाण्याचे उत्सव पुष्कळ, निवडावा कोणता? नावाला भुलू नये, उत्सवाचे मूळ पाहावे, असे आमचे मत आहे. मोझार्ट १७५६ साली साल्झबुर्गला जन्मला. तेथील उत्सव १९२० साली सुरू झाला. एडिंबरोचा १९४७ चा, महायुद्धाच्या जखमा ओल्या असतानाचा. दोन्ही आपल्या पावसाळ्यात भरतात.

पण त्याआधी मिरज गाठली काय? तेथे दर्ग्याच्या उरुसात अब्दुल करीम खाँसाहेबांच्या स्मरणार्थ कलावंत गातात. त्यांचे शिष्य सवाई गंधर्व. त्यांच्या स्मृत्यर्थ पुण्यात १९५३ साली महोत्सव सुरू झाला. घरचा षड्ज कानी मुरला, की परका सूरही ओळख देतो. आम्ही हा क्रम उलटा केला आणि तिकडे नुसते टाळ्या वाजवून आलो. तुम्ही तसे करू नये.