अठरा पूर्ण झाल्यावर : पालक संमेलनातील अध्यक्षीय भाषण

बौद्धिक अपंगत्व असलेल्या मुलाचे सरकारी बालपण अठराव्या वाढदिवशी संपते. 2016च्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमाने मोफत शिक्षणाचा हक्क सहा ते अठरा वर्षे एवढाच दिला आहे. विशेष शाळेच्या पटावरून नाव कमी होते, शाळेची गाडी दारात येणे थांबते आणि आईला नोकरी सोडून घरी बसावे लागते. या संमेलनाने वर्षानुवर्षे शाळांच्या अनुदानावर ठराव केले. शाळा बारा वर्षांची असते. त्यानंतरच्या चाळीस-पन्नास वर्षांसाठी संमेलनाकडे कधी अर्धा दिवससुद्धा नव्हता.

प्रौढपणाची तयारी चौदाव्या वर्षी सुरू व्हायला हवी. पैसे ओळखणे, घड्याळाप्रमाणे आवरणे, परक्या माणसाला नाही म्हणता येणे आणि एकट्याने प्रवास करणे, एवढा अभ्यासक्रम पुरेसा आहे. त्यातही प्रवास सर्वांत महत्त्वाचा. अपंगांना एसटीच्या भाड्यात 75 टक्के सवलत आहे. पण मूल एकटे चढणारच नसेल तर सवलतीचा पास कपाटातच राहतो. ही शिकवण पायरीपायरीने देता येते. आधी शेजारी बसायचे, मग दोन बाक मागे, मग त्याला बसवून द्यायचे आणि उतरण्याच्या थांब्यावर दुसऱ्याला उभे करायचे. महिना लागो की वर्ष, जे मूल एकटे स्टँडवर उतरते त्याच्यासाठी निम्म्या नोकऱ्यांचे दार उघडते. विशेष शिक्षक हे आनंदाने शिकवतील. अडतात ते पालक, आणि हे पालकांच्याच व्यासपीठावरून सांगितले पाहिजे.

शाळेनंतर बहुतेकांच्या वाट्याला कार्यशाळा येते. तिथे पणत्या, मेणबत्त्या, कागदी पिशव्या, फाइली. तीस वर्षांपूर्वी हेच होते आणि आजही हेच आहे. दिवाळीला स्टॉल लागतो, पाहुणे हळहळत चार पणत्या घेतात, फोटो निघतो. अनेक ठिकाणी रंगाचा शेवटचा हात शिक्षिकाच रात्री जागून देतात, कारण माल एकसारखा दिसला पाहिजे. वर्षातले तीन आठवडे खपणाऱ्या वस्तूवर बारमाही मजुरी निघत नाही. विद्यावेतनाच्या नावाने हातावर टेकवलेल्या रकमेत महिन्याचा चहाही भागत नाही. ज्यांच्या कार्यकाळात स्टॉलची संख्या हाच प्रगतीचा अहवाल होता, त्यांनी त्या अहवालात मजुरीचा रकाना कधीच का छापला नाही?

दुसरी पद्धत जगभर वापरात आहे. आधी खऱ्या कामावर ठेवायचे आणि शिकवायचे तिथेच. जॉब कोच सुरुवातीला दिवसभर सोबत राहतो, कामाचे तुकडे पाडतो, चित्रांची यादी भिंतीला लावतो, सहकाऱ्यांना समजावतो आणि हळूहळू बाजूला होतो. हॉटेलातली भांडी व टेबले, रुग्णालयातील धुलाई, ग्रंथालयात पुस्तके जागेवर लावणे, गोदामातले पॅकिंग ही कामे नेमकी आणि रोजची असल्याने अशा तरुणांना जमतात. मुंबईत जुहूला कॅफे अर्पणमध्ये स्वमग्न आणि बौद्धिक अपंगत्व असलेली माणसे गिऱ्हाइकांना खाणे देतात, आणि गिऱ्हाईक दयेने नव्हे, भुकेने येते. प्रश्न जॉब कोचच्या पगाराचा आहे. तो पगार जोवर अनुदानात धरला जात नाही, तोवर ही पद्धत मोठ्या शहरांतील मोजक्या संस्थांपुरतीच राहील.

सरकारी नोकरीचा मार्ग आणखी अरुंद आहे. 1995च्या कायद्यातील 3 टक्के आरक्षणात बौद्धिक अपंगत्वाला जागाच नव्हती. 2016मध्ये आरक्षण 4 टक्के झाले आणि त्यातला 1 टक्का मिळाला, तो स्वमग्नता, बौद्धिक अपंगत्व, विशिष्ट अध्ययन अक्षमता, मानसिक आजार आणि बहुविकलांगता या सर्वांत मिळून. निवड पुन्हा लेखी परीक्षेने. जो तरुण परिच्छेद वाचू शकत नाही पण झेरॉक्सच्या गठ्ठ्यांत एकही पान चुकवत नाही, तो या चाळणीतून कसा उतरणार? या गटासाठी प्रत्यक्ष काम पाहून निवड व्हावी, असा ठराव मागे आला होता. तो कोणी अडवला हे सभागृहाला ठाऊक आहे. अडवणाऱ्यांची मुले परीक्षा देऊ शकतात, त्याचा आनंदच आहे.

अठरानंतर पालक कायद्याने आपोआप पालक राहत नाहीत. 1999च्या राष्ट्रीय न्यास अधिनियमाखाली जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील स्थानिक स्तर समितीकडे पालकत्वासाठी अर्ज करावा लागतो. आई-वडील हयात असतानाच भावंडाशी बोलून पुढचे नाव ठरवणे शहाणपणाचे. पालकत्वानंतर प्रश्न निवासाचा; ती सोय पालकांनीच उभारल्याचा दाखला डोंबिवलीजवळ खोणीला, अमेय पालक संघटनेच्या घरकुलात पाहायला मिळतो.

ज्यांना आई-वडीलच नाहीत त्यांची स्थिती सर्वांत बिकट. बालगृहातून अठराव्या वर्षी बाहेर पडावे लागते. त्यानंतरच्या आधाराची, म्हणजे अनुरक्षणाची, मुदत सर्वसाधारणपणे 21 वर्षांपर्यंत. अचलपूर तालुक्यातील वझ्झर येथे शंकरबाबा पापळकर यांनी टाकून दिलेल्या अपंग मुलांना स्वतःचे आडनाव दिले आणि अठरानंतरही घराबाहेर काढले नाही. तिथल्याच एका अंध मुलीने 2024मध्ये राज्य लोकसेवा आयोगाची परीक्षा उत्तीर्ण केली. बेवारस अपंगांना बालगृहात आजन्म राहता यावे असा कायदा व्हावा, ही बाबांची जुनी मागणी आहे. 2024मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. कायदा मिळालेला नाही. या संमेलनाच्या ठरावांत ती मागणी आज पहिल्या क्रमांकावर मांडली आहे. तिला विरोध असेल त्यांनी उभे राहून नाव नोंदवावे.