हुशार लेकरांचं एकटेपण



बुद्धी ही देवाची देणगी, असं आपण म्हणतो. मेळघाटातल्या आपल्या वसतिगृहात ही देणगी लाभलेली मुलं मी रोज पाहते. ती कधीकधी किती एकटी पडतात, तेवढंच आज सांगणार आहे.

कोरकू ही मुंडा कुळातली भाषा; मराठीशी तिचं नातं नाही. तरी काही मुलं वर्षभरात सफाईने मराठी वाचू लागतात, पुढच्या इयत्तेची गणितं सोडवतात, सारखं ‘का?’ विचारतात. वर्ग मोठा असतो, गुरुजी म्हणतात, “गप्प बस.” सोबती चिडवतात. मग मूल हात वर करणंच सोडतं. मुली तर फार लवकर सोडतात. आळशी झालं, असा शेरा बसतो. खरं म्हणजे ते चारचौघांसारखं दिसायला धडपडत असतं.

शिवाय बुद्धी पुढे धावते, मन मात्र वयाएवढंच राहतं. सहावीला नवोदय किंवा एकलव्य शाळेत निवड झाली की गावभर आनंद होतो. पण अकरा वर्षांचं ते लेकरू रात्री पांघरुणात रडतं. होळी हा कोरकूंचा मोठा सण, तेव्हा शाळेत परीक्षेची गडबड. सुट्टीत घरी आलं की भावंडं बुजतात. आई मला विचारते, “ताई, हा आता आमच्याशी बोलत का नाही?” बापाला अभिमान असतो, आणि पोर हातचं गेल्याची भीतीही.

त्यावर आपण म्हणतो, “तू गावाचं नाव काढशील.” एका पेपरात गुण कमी पडले की तेच मूल पोटदुखी सांगून पडून राहतं.

म्हणून माझ्या तीन विनंत्या आहेत. पत्रात टक्के विचारण्याआधी मित्रांची नावं विचारा. वह्या-कपड्यांबरोबर आईवडिलांच्या एसटी भाड्यासाठीही काही द्या. मजुरी बुडवून भेटायला येणाऱ्याला तिकीट जड जातं. आणि आपले शिकून मोठे झालेले माजी विद्यार्थी महिन्यातून एकदा या मुलांशी कोरकूत बोलायला जातील, अशी सोय करायला हातभार लावा.

पुढे ती डॉक्टर होतील की शेतकरी, हे आज कोणी सांगू शकत नाही. पण त्यांचं घर त्यांना परकं होऊ नये, एवढं आपण मिळून नक्की पाहू शकतो.