किडनी रुसली होती, मेली नव्हती

(रौप्यमहोत्सवी वर्षानिमित्त झालेल्या आरोग्यविषयक कार्यक्रमातील भाषण)



मी डॉक्टर नाही. माझा जन्म बँकेत लेजर आणि व्हाउचर तपासण्यात गेला. तरी आज एका वैद्यकीय तपासणीबद्दल बोलणार आहे, कारण त्या तपासणीला मी जवळजवळ 'नको' म्हणालो होतो.

नऊ वर्षांपूर्वी आमच्या सौ.ला मेंदूमृत दात्याची किडनी मिळाली. त्या अनोळखी कुटुंबाचे कर्ज कुठल्याही हप्त्याने फिटणारे नाही. ऑपरेशन नीट झाले, पण लघवी होईना आणि क्रिएटिनिन उतरेना. डायलिसिस चालूच. डॉक्टर म्हणाले, "काका, न्यूक्लिअर मेडिसिनमध्ये रीनल स्कॅन करू." 'न्यूक्लिअर' म्हटल्याबरोबर माझ्या डोळ्यांपुढे हिरोशिमा! म्हटले, सोनोग्राफी झाली ना, मग आता हे कशाला?

त्यांनी शांतपणे समजावले. क्रिएटिनिन एवढेच सांगते की किडनी काम करत नाही. का करत नाही, ते सांगत नाही. रक्तवाहिनीत गुठळी झाली असेल, लघवी आत गळत असेल, मूत्रनलिकेत अडथळा असेल, शरीर किडनी नाकारत असेल. किंवा काढल्यापासून जोडेपर्यंत रक्ताविना राहिल्याने किडनी नुसती थकली असेल. प्रत्येकाचा इलाज वेगळा. गुठळी असेल तर तातडीने ऑपरेशन थिएटर. थकवा असेल तर धीर.

तपासणी साधी होती. शिरेतून एक इंजेक्शन. त्यात टेक्नेशियम हे किरणोत्सर्गी द्रव्य अगदी थोडे असते. दर ६ तासांनी ते निम्मे होत जाते. वर गॅमा कॅमेरा. तो स्वतः किरण सोडत नाही, शरीरातून येणारे टिपतो. नवी किडनी पाठीकडे नव्हे, तर पुढे ओटीपोटात बसवतात, म्हणून कॅमेराही पुढूनच. सिटी स्कॅनसाठी देतात ते डाय किडनीला जड जाऊ शकते. तो प्रश्न इथे नव्हता.

मग पडद्यावर बघायचे. पहिल्या मिनिटात किडनी उजळली, तर रक्त पोचतेय. तिथे काळा डागच राहिला, तर रक्तपुरवठा बंद असल्याची शंका. औषध मूत्राशयाबाहेर साठले, तर गळती. लॅसिक्स देऊनही किडनीतच तुंबून राहिले, तर अडथळा.

सौ.ची किडनी उजळली! औषधही आत घेतले. मूत्राशय मात्र शेवटपर्यंत रिकामे. बँकेच्या भाषेत सांगायचे, तर जमा होत होते, नावे काही पडत नव्हते. डॉक्टर म्हणाले, "बहुधा थकलीय. पण नुसत्या स्कॅनवरून रिजेक्शन नाहीच, असे म्हणता येत नाही." म्हणून बायॉप्सीही केली. त्यात रिजेक्शन निघाले नाही. आता वाट पाहायची.

ते दिवस कसे काढले, ते तुमच्यापैकी अनेकांना ठाऊक आहे. कुणी डबे पोचवले, कुणी रात्री-अपरात्री गाडी काढली. सोळाव्या दिवशी सकाळी सिस्टरने युरिन बॅग वर उचलून दाखवली. बॅलन्स शीट जुळल्यावरही मला कधी इतका आनंद झाला नव्हता. खरे सांगतो, मी रडलो.

तेव्हा एवढेच सांगणे. नुसत्या नावाला घाबरून तपासणी नाकारू नका. डॉक्टरांना विचारा, "यातून काय कळणार आणि त्यावरून काय ठरणार?" बाई गरोदर असेल, अंगावर पाजत असेल, तर आधी सांगा. त्या दिवशी नातवंडांना मांडीवर घ्यायचे की नाही, तेही विचारून घ्या. आणि अवयवदानाबद्दल घरात एकदा मोकळेपणी बोला. आमच्यासाठी कुणीतरी 'हो' म्हणाले होते.

सौ. तिसऱ्या रांगेतून घड्याळ दाखवतेय. आठ वाजले, तिच्या गोळीची वेळ झाली. ती वेळ चुकवून चालत नाही, म्हणून थांबतो.